उन्हाला ठेवलेला कॅमेरा

मधुसूदनराव आसेगावकरांच्या घरात माणसं दोन आणि कॅमेरे चाळीसेक. माणसांपैकी एक बोलतं, दुसरं ऐकतं. कॅमेऱ्यांपैकी मात्र एकही चालत नाही, असं पडेगावच्या त्या अख्ख्या गल्लीचं मत आहे. ते काही खरं नाही. चालतात, पण सगळे मिळून चालतात. म्हणजे याचं शटर ठणठणीत, तर भिंगाला बुरशी. त्याचं भिंग काचेसारखं स्वच्छ, तर रोल पुढंच सरकत नाही. तिसऱ्याचं सगळं बरं, पण ज्यातून बघायचं ती खिडकी फुटलेली. चांगले चांगले भाग काढून एकत्र जोडावेत म्हटलं, तर एक जर्मनीचा, एक जपानचा, आणि स्क्रू कुणाचे कुणाला बसत नाहीत.

मधुसूदनरावांची नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, माल तपासायची. तुकडा हातात घ्यायचा, मायक्रोमीटरमध्ये धरायचा, केसाएवढा फरक दिसला की लाल खडूनं फुली. उभा जन्म फुल्या मारून माणूस निवृत्त झाला, पण हात काही निवृत्त होईना. सुरुवातीला त्यांनी घरातल्या पोळ्या तपासल्या. ही मधे जाड, ही कडेला पातळ. बायकोनं, सुलेखाबाईंनी, लाटणं समोर ठेवून “घ्या, तुम्हीच करा” म्हटलं, तेव्हा ते काम सुटलं आणि कॅमेऱ्यांचं लागलं.

त्याच सुमाराला शहरातले फोटो स्टुडिओ एकेक करून झेरॉक्सची दुकानं होत होते. त्यांच्या माळ्यांवरून उतरलेली जुनी धुडं जुन्या बाजारात फडक्यावर मांडलेली दिसायची. मधुसूदनरावांनी एक उचलला, कानाशी धरून खटका दाबला, आतली चक्रं फिरल्याचा आवाज ऐकला आणि संपलं. बॅटरी नाही, बटणं नाहीत, सगळं हातानं. उजेड किती, अंतर किती, आपणच ठरवायचं. चुकलं तर आपलंच चुकलं. अशा यंत्राची ते जन्मभर वाट बघत होते म्हणे. मधली खोली बघता बघता भरली. टेबलावर पितळी चिमटे, घड्याळजीचे स्क्रूड्रायव्हर, नेलपेंटच्या बाटलीत काळा रंग. कधी गेलात तर ते डोळ्याला भिंग लावून बसलेले, आणि तोंडानं पुटपुट, “हे असं कुणी बसवतं का? गाढवपणा आहे नुसता.” ज्याला ही बोलणी बसत होती तो कारागीर कुठल्या तरी थंड देशात कधीच मातीआड गेलेला.

एवढं सगळं होऊन भिंतीवर फोटो मात्र एकच. तोही लग्नानंतर औरंगपुऱ्यात जाऊन स्टुडिओत काढून घेतलेला. सुलेखाबाई पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवायच्या.

“हा यांनी काढलेला नाही, म्हणून दिसतोय बरं का.”

मधुसूदनराव हसून सोडून द्यायचे. पण स्वरालीचा पुण्याहून फोन आला आणि हसणं थांबलं. लेकीला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण, सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून ती माहेरी राहणार. घरात खोल्या तीन. मधल्या खोलीतून अंगणात दार, उजेड, शेजारी न्हाणीघर. बाळंतिणीला तीच खोली लागणार, हे सांगायला कुणी लागलं नाही.

“कॅमेऱ्यांची सोय मी लावलीय,” सुलेखाबाई म्हणाल्या. “ऋतुराज सगळे न्यायला तयार आहे.”

हा ऋतुराज म्हणजे शेजारच्या रामकिसनरावांचा मुलगा. रामकिसनराव बिडकीनचे. तिकडची जमीन कारखान्यांत गेली, तेव्हा इथं घर बांधून आले. दोन घरांच्या मधे गच्चीची भिंत एकच, तीही गुडघ्याएवढी, त्यामुळं या घरातली फोडणी त्या घरात कळते. पोरानं दौलताबादच्या रस्त्याला कॅफे काढला होता. किल्ला बघायला येणाऱ्यांनी थांबावं, कॉफी प्यावी, भिंतीपुढं उभं राहून फोटो काढावा. भिंतीला काहीतरी जुनंपानं हवं होतं.

“लावणार कसे?” मधुसूदनरावांनी गच्चीच्या भिंतीवरून ऋतुराजला विचारलं.

“मागून स्क्रू, काका. आरपार. मंग पडायचं टेन्शन नाय.”

मधुसूदनराव घरात येऊन जेवायला बसले आणि ताटावरून उठले. वरण-भात तसाच. जपानी शटरमधून आरपार स्क्रू. सुलेखाबाईंनी ताट परत पुढं सरकवलं.

“एक सांगू का? इतकी वर्षं मी ऐकतेय, हा दुरुस्त झाला, तो दुरुस्त झाला. मग एक काम करा. पोरीच्या डोहाळजेवणाचा एक फोटो काढा. एकच. तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे. निघाला, तर खोली तुमची. स्वराली माझ्याजवळ झोपेल, तुम्ही दिवाणखान्यात. नाही निघाला तर सगळे कॅमेरे ऋतुराजकडं, आणि तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही.”

“ठरलं,” मधुसूदनराव म्हणाले आणि भात कालवला.

त्यांनी एवढ्या झटक्यात होकार दिला, कारण त्यांच्याकडं रशियन कॅमेरा होता. विटेएवढा जड, गोमट्या चेहऱ्याचा, आणि चाळिसांत एकटा असा की ज्याचे सगळे अवयव एकाच वेळी जागे होते. त्याच्या आत फिल्मच्या पुढं काळ्या कापडाचा पडदा असतो. खटका दाबला की तो पडदा डोळ्याचं पातं लवावं तसा सरकतो आणि परत झाकतो. फेब्रुवारीत त्यांनी त्याच्यावर एक रोल वाया घालवून बघितला होता. समोरच्या लिंबाचं पान न् पान आलं होतं. त्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याच्या बुडाला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला. पास. आणि एकदा पास केलेला माल परत तपासायचा नाही, हा त्यांचा कारखान्यातला शिरस्ता.

कॅमेऱ्याचं वरचं कातडं तेवढं एका कोपऱ्याला सुटलं होतं. डोहाळजेवणाच्या आधी तो कसा नवऱ्या मुलासारखा दिसायला हवा, म्हणून चैत्रात त्यांनी कातडं काढून सरस लावून पुन्हा बसवलं. आता ते वाळवायचं कुठं? तर गच्चीवर. गच्चीवर आधीच रामकिसनरावांच्या आवडाबाईंचं वाळवण पडलेलं. गव्हाच्या चिकाच्या कुरडया, सांडगे, पळीपापड. बाजेवर साडी अंथरून पांढरी नक्षी घातलेली, आणि कावळे हाकायला छत्री घेऊन आवडाबाई स्वतः हजर. मधुसूदनरावांनी भिंतीवर स्टीलचं ताट ठेवलं. ताटात बुरशी धरलेली सुटी भिंगं, उघडी. शेजारी रशियन, त्याच्या भिंगावर मात्र झाकण लावलेलं.

“भाऊ, हे काय घातलं वाळत?” आवडाबाईंनी विचारलं.

“भिंगांना बुरशी धरलीय. ऊन आत गेलं पाहिजे. ऊन गेलं की बुरशी मरते.”

“मरंल की. लोणच्याच्या बरणीचं तसंच असतं.”

“तेवढं लक्ष असू द्या. कावळ्यानं पाडायला नको.”

“तुमी बिनघोर जा.”

मधुसूदनराव बिनघोर गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर कातडं नखानं उचलत नाही इतकं पक्कं बसलेलं. झाकण जागेवर. आवडाबाई कुरडया डब्यात भरत होत्या. “झकास वाळलंय,” त्या म्हणाल्या, आणि मधुसूदनरावांनीही मान डोलावली.

डोहाळजेवण वैशाखात, अंगणात मांडव घालून झालं. स्वराली हिरव्या साडीत, अंगावर मोगऱ्याची वाडी, झोपाळ्यावर बसलेली. आवडाबाईंनी पाच प्रकारचे भात केले होते. गल्लीतल्या सगळ्या बायका मोबाईल काढून उभ्या, आणि त्यांच्या मधे, गळ्यात विटेएवढं धूड अडकवून, घामानं डबडबलेले मधुसूदनराव.

“आई, बाबांना सांग ना लवकर. पाठ भरून आली,” स्वराली म्हणाली.

“हलू नकोस. उजेड मोजतोय.”

“मघापासून मोजताय बाबा.”

“मघाशी ढग होता.”

रामकिसनराव खुर्चीत बसून मजा बघत होते. “साहेब, लेकराचं बारसं व्हायच्या आत दाबा खटका. नायतर फोटुत दोघं येतील.”

बायका खळखळून हसल्या. मधुसूदनरावांनी दात आवळले आणि खटका दाबला. त्यांची पद्धत ठरलेली. तोंड बरोबर मधोमध. खिडकीच्या मधल्या चौकटीत नाक बसवायचं, दोन नाकांचं एक नाक झालं की अंतर जुळलं, मग जराही न हलता खटका. त्यामुळं फोटोत वरचा अर्धा भाग मांडवाचं कापड येतं, पण तोंड पक्कं येतं. त्यांनी पूर्ण रोल काढला. छत्तीसच्या छत्तीस वेळा नाक मधोमध. रोल गुंडाळताना त्यांनी सुलेखाबाईंकडं बघितलं, आणि त्या बघण्यात मधली खोली परत मिळाल्याचा माज होता, असं बघणारे सांगतात.

पण रोल काढणं वेगळं आणि धुणं वेगळं. शहरात रोल धुणारा आता कुणी उरला नाही. धुवायचं घरी, आणि त्याला पाणी लागतं. पडेगावात पाणी कुठलं? टँकरचं पाणी असतं, पण त्यात असा बारीक गाळ की फिल्मवर चेहऱ्याला देवीचे व्रण उठतात. नळाचं पाणी हवं, आणि नळाला आपली लहर. मधुसूदनराव वाट बघत बसले. आज येतंय, उद्या येतंय. आलं एकदाचं, तर करंगळीएवढी धार, आणि सुलेखाबाई हंडे लावून उभ्या.

“आधी पिण्याचं. मग वापरायचं. मग तुमचं.”

“तोवर जाईल ते.”

“गेलं तर गेलं. रोल पिऊन राहता येत असेल तर सांगा.”

शेवटी दोन बादल्या मिळाल्या. आता फिल्म धुवायच्या औषधाचं पाणी थंड लागतं, आणि वैशाखात टाकीतलं पाणी चहा टाकावा असं. मधुसूदनरावांनी औषधाची बाटली पिशवीत बांधून हळूच माठात सोडली. ती सुलेखाबाईंना दिसलीच. माठ ओतला गेला, घासला गेला, आणि जे बोलणं झालं ते पलीकडं रामकिसनरावांना इतकं स्वच्छ ऐकू आलं, की त्यांनी फ्रीजमधला बर्फ गच्चीच्या भिंतीवरून मुकाट्यानं पुढं केला.

न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कागद, दाराच्या फटीत टॉवेल. आत अंधारात रोल डब्यात भरताना त्यांच्या कोपरावरून घाम नळासारखा वाहत होता. नळापेक्षा बराच जोरात. मग औषध, मग दुसरं औषध, मग त्या दोन बादल्यांतलं पाणी पेल्यापेल्यानं. डब्याचं झाकण उघडलं आणि ओली फिल्म उजेडाला धरली.

मांडव होता. झोपाळा होता. साडीचे काठ होते, वाडीतली फुलं मोजावीत इतकी स्पष्ट. आणि तोंडाच्या जागी काळा डाग.

निगेटिव्हवर काळं म्हणजे फोटोत पांढरं. त्यांना वाटलं औषधाचा थेंब. पुढचा बघितला. डाग. त्याच्या पुढचा. डाग. नाक जिथं जिथं त्यांनी एवढ्या निगुतीनं बसवलं होतं, बरोबर तिथं. मांडवाचं कापड मात्र सगळ्या फोटोंत निर्मळ.

त्यांनी रशियनचं मागचं दार उघडलं आणि कॅमेरा बल्बसमोर धरला. काळ्या पडद्यात, अगदी मधोमध, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी तीन भोकं, एकमेकांना चिकटून. कडा करपलेल्या.

लहानपणी सगळ्यांनी केलंय, भिंग उन्हात धरून कागद जाळणं. तेच झालं होतं. पण झाकण होतं ना? मधुसूदनराव तसेच ओल्या हातानं गच्चीवर गेले. आवडाबाई पलीकडं मिरच्या पसरत होत्या.

“आवडाबाई, त्या दिवशी, कुरडयांच्या वेळी, या कॅमेऱ्याला कुणी हात लावला होता?”

“मीच की.” त्यांचा चेहरा उजळला. “तुमी इसरले होते भाऊ. बाकीच्यांना उघडं ठिवलं आणि ह्याच्यावर झाकण तसंच. म्हणलं झाकण ठिवल्यावर ऊन आत जाईल कसं? काढलं. आणि ऊन फिरंल तसं ह्याचं तोंड फिरवत गेले, खाली वाटीचा टेकू लावून. दोन-तीनदा फिरवलं. संध्याकाळी झाकण परत लावलं, धूळ नको म्हणून.”

मधुसूदनराव उभे राहिले. आयुष्यात इतक्या लोकांच्या मालावर फुल्या मारल्या, पण इथं फुली मारायला जागा सापडेना. सांगितलं कुणी, ऊन आत गेलं पाहिजे म्हणून? आपणच. लक्ष ठेवा म्हणालं कोण? आपणच. बाईनं तर कुरडईपेक्षा जास्त जीव लावून कॅमेरा वाळवला.

“बुरशी मेली ना?” आवडाबाईंनी विचारलं.

“मेली,” ते म्हणाले. “सगळं मेलं.”

खाली येऊन त्यांनी मधल्या खोलीचं दार लावून घेतलं, तर सुलेखाबाईंनी ते उघडलं, कारण फोटो कसे आले हे त्यांनाही बघायचं होतं. मागोमाग स्वराली आली. आणि रामकिसनरावांनी निरोप देऊन बोलावलेला ऋतुराज रिकामी खोकी घेऊन आला, मागं दारात स्वतः रामकिसनराव.

ऋतुराजनं वाळायला टांगलेल्या फिल्मचा मोबाईलवर फोटो घेतला, दोन टिचक्या मारल्या, आणि काळ्याचं पांढरं झालं. हिरव्या साडीतली (काळ्या-पांढऱ्यात हिरवी कुठली, पण सगळ्यांना हिरवीच दिसली) स्वराली झोपाळ्यावर, आणि तोंडाच्या जागी लखलखीत उजेड. कडांना विरत गेलेला.

“काका,” ऋतुराज हळूच म्हणाला, “लई भारी. हे कसं केलं?”

“केलं नाही. झालं.”

“मोबाईलमधे असं यायला तीन-तीन ॲप लागतात. कॅफेच्या मधल्या भिंतीला हेच लावतो, दाराएवढं मोठं करून.”

“मलाही पाठव,” स्वराली म्हणाली. “किती बरं झालं बाबा. माझं तोंड केवढं सुजलंय सध्या, सगळ्या मोबाईलमधे भोपळ्यासारखं आलंय. ह्यात फक्त साडी आणि फुलं. पहिल्यांदा तुमचा फोटो मला आवडला.”

तिनं तो तिथल्या तिथं डीपीला लावला. दोन मिनिटांत पुण्याहून सासूबाईंचा मेसेज: फार सुंदर, पण कोण आहे?

मधुसूदनराव स्टुलावर बसून हे ऐकत होते. त्यांना इतका संताप कारखान्यात वाकड्या सळयांचा आख्खा ट्रक आला तेव्हाही आला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. कौतुक कसं सोसायचं?

सुलेखाबाई मोबाईल लांब धरून, चष्मा वर करून, बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग खाली ठेवला.

“मला यातलं कळत नाही. पण लेकीला आवडलाय, या पोराला आवडलाय. फोटो आला, असं सगळे म्हणतायत. चला, मी शब्द फिरवणार नाही. खोली राहू द्या तुमची.”

दारातून रामकिसनरावांनी मधुसूदनरावांकडं बघून डोळे मिचकावले. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. ऋतुराजनं तर रिकामी खोकी परत उचलली होती.

मधुसूदनरावांनी फिल्म पुन्हा उजेडाला धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. सगळी.

“काय ठरलं होतं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे. दिसतंय का पोरीचं तोंड?”

“अहो, पण—”

“दिसतंय का?”

“नाही.”

“मग नापास.” त्यांनी फिल्मचा चिमटा सोडला. “ऋतुराज, खोकी ठेव खाली.”

“साहेब,” रामकिसनराव म्हणाले, “जितलेला डाव सोडायला लागले का?”

“जिंकला कुठं? मला वेड्यात काढताय सगळे. फोटो बिघडलाय. साधा बिघडलाय. त्याला भारी म्हणू नका.”

दोन दिवस लागले भरायला. एकेक कॅमेरा फडक्यात गुंडाळून खोक्यात जात होता आणि प्रत्येकाबरोबर ऋतुराजला एक सूचना मिळत होती. याला स्क्रू नाही, पट्ट्यानं टांगायचा. याचं शटर आठवड्यातून एकदा दाबायचं, नाहीतर आखडतं. तुझी भिंत पश्चिमेची आहे, दुपारी ऊन थेट येणार, झाकणं काढायची नाहीत. ऋतुराज म्हणाला, झाकण लावल्यावर काच दिसत नाही, काच नाही दिसली तर गिऱ्हाईक फोटो कशाचा काढणार? यावरून मधुसूदनराव असे तापले की रामकिसनरावांनी पोराला बाहेर पाठवलं, टेम्पो वळवायला म्हणून. टेम्पो वळलेलाच होता.

शेवटच्या खोक्यात वर रशियन ठेवला होता. सुलेखाबाई झाडू घेऊन खोलीत आल्या, खोक्यात डोकावल्या, आणि त्यांनी तो उचलला.

“हा कुठं निघाला?”

“सगळे ठरले होते ना. सगळे चाललेत.”

“हा नापास झालाय. नापास माल गेटाबाहेर सोडतात का तुमच्याकडं?”

मधुसूदनरावांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांच्या नोकरीत एकही तुकडा तसा गेटाबाहेर गेला नव्हता.

“दुरुस्त करून पास करायचा आणि मग सोडायचा,” त्या म्हणाल्या. “फ्रीजवर जागा आहे. पोरीचं तोंड मला हवंच आहे, सुजलेलं तर सुजलेलं.”

“त्याला पडद्याचं कापड लागतं. रबर चढवलेलं, एकदम पातळ. ते इथं मिळत नाही. मुंबईलाही मिळत नाही. कुठून आणू?”

“ते मला काय विचारताय?” ऋतुराज शेवटचं खोकं टेम्पोत घेऊन गेला, आणि सुलेखाबाईंनी कोपऱ्यातला कचरा ओढून काढला. त्यात तीन स्क्रू, एक स्प्रिंग आणि कुठल्या तरी कॅमेऱ्याची सुटी खिडकी निघाली. “आणि हे कुणाचं राहिलं ते बघा. टेम्पो थांबवा म्हणावं.”

मधुसूदनराव अनवाणीच बाहेर धावले.